चेहऱ्यात फिलर घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर: सोलापुरातील नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मी गेली अनेक वर्षे सोलापुरात एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. पूर्वी आमच्याकडे लोक वांग, केसगळती आणि गजकर्ण यांसाठी येत, आता त्यांतल्याच काही जणी, आणि थोडे पुरुषही, आवाज खाली आणून विचारतात, "सिस्टर, ते गालात भरायचं इंजेक्शन इथे देतात का?" त्यांना फिलर म्हणायचे असते, म्हणजे भरीवपणासाठी त्वचेखाली टोचायचे जेल. त्यानंतरचा प्रश्न किमतीचा असतो आणि त्यापुढचा ते किती दिवस टिकते याचा. जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो मात्र क्वचितच कोणी विचारते: हे जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर ते विरघळवणारे औषध या खोलीत आत्ता आहे का आणि ते कसे द्यायचे हे इथे कोणाला माहीत आहे का? तो प्रश्न केव्हा आणि कसा विचारायचा, आणि त्याच्या आधी व नंतर काय करायचे, हे नव्याने विचार करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे. निर्णय अर्थातच तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा राहील.

पहिली पायरी: औषध काय आहे ते समजून घ्या

येथे ज्या फिलरबद्दल लिहिते आहे, ते हायल्युरॉनिक ॲसिडचे असते. हा आपल्या शरीरातच असणारा, शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचा पदार्थ आहे. तो त्वचेत, सांध्यांतील वंगणात आणि डोळ्यात आढळतो. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर या संशोधकांनी तो गुरांच्या डोळ्यातील पारदर्शक गरातून प्रथम वेगळा केला, म्हणून काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आज वापरात असलेला पदार्थ प्रामुख्याने जंतूंच्या किण्वनातून तयार होतो. तो स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवतो, आणि त्यामुळेच त्वचेखाली गेल्यावर भरीवपणा येतो.

मात्र हा पदार्थ जसाच्या तसा टोचला, तर शरीर तो एक-दोन दिवसांत पचवून टाकते. म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एका रसायनाने एकमेकींत गुंफतात आणि त्याचे जेल करतात. ही गुंफण किती घट्ट आहे, त्यावर जेलचा स्वभाव ठरतो, आणि सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये: सूत एकच असले तरी टॉवेलची वीण निराळी आणि चादरीची निराळी. ओठांसाठी मऊ, पसरणारे जेल लागते. गालाच्या हाडावर किंवा हनुवटीवर आधार द्यायला घट्ट, आकार धरून ठेवणारे जेल लागते. म्हणूनच "सगळीकडे आम्ही एकच वापरतो" असे कोणी सांगितले, तर तेथे थोडे थांबून आणखी विचारपूस करावी.

दुसरी पायरी: त्याने काय होते आणि काय होत नाही

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकारच्या पहिल्या फिलरला डिसेंबर २००३ मध्ये मान्यता दिली. त्यामागे १३८ रुग्णांची एक चाचणी होती. तिच्यात प्रत्येकाच्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीत एका बाजूला हायल्युरॉनिक जेल आणि दुसऱ्या बाजूला त्या काळी प्रचलित असलेले गायीचे कोलॅजेन टोचले गेले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सुमारे ५७ टक्के रुग्णांत जेलची बाजू सरस ठरली, तर कोलॅजेनची बाजू सरस ठरलेले रुग्ण १० टक्क्यांच्या आत होते. एकाच चेहऱ्यावर दोन औषधे पडताळल्यामुळे ही तुलना मला विशेष बोलकी वाटते. त्यानंतरच्या वर्षांत गाल, ओठ, हनुवटी, डोळ्यांखालची खळगी आणि हाताची पाठ यांसाठीही निरनिराळी जेल आली.

टिकण्याचा काळ जागेप्रमाणे बदलतो. ओठ सतत हलतात, त्यामुळे तेथे परिणाम साधारण सहा ते नऊ महिन्यांत ओसरू लागतो. गालावर तो वर्ष-दीड वर्ष राहू शकतो. एमआरआय तपासण्यांत काही जणांच्या चेहऱ्यात जेलचा अंश कित्येक वर्षांनीही दिसला आहे, म्हणून "सहा महिन्यांनी सगळे साफ निघून जाते" हे वाक्य शब्दशः घेऊ नये आणि ठरावीक महिन्यांनी आपोआप पुन्हा भरून घेऊ नये.

हे जेल हरवलेला भरीवपणा परत देते. त्याने त्वचेचा रंग बदलत नाही. आपल्याकडच्या उन्हाने आलेला वांग त्याने जात नाही आणि मिश्री लावून काळवंडलेले ओठ त्याने उजळत नाहीत. कपाळाला आठ्या घातल्यावर उमटणाऱ्या रेषांसाठी बोटुलिनमचे इंजेक्शन असते, ते वेगळे औषध आहे. फार लोंबलेली त्वचा जेल भरून वर उचलण्याचा प्रयत्न केला, तर चेहरा सुजल्यासारखा दिसतो; अशा वेळी शस्त्रक्रिया किंवा काहीच न करणे हे दोन्ही पर्याय अधिक चांगले. एका सिरिंजमध्ये बहुधा एक मिलिलिटर जेल असते, म्हणजे पाच मिलिलिटरच्या औषधाच्या चमच्याचा पाचवा भाग. एवढ्याने चेहरा दहा वर्षांनी तरुण होत नाही, थकवा थोडा उतरल्यासारखा दिसतो, आणि माझ्या मते पहिल्या वेळी तेवढेच मागावे.

तिसरी पायरी: आपण ते घ्यावे का

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊ नये, कारण त्यांच्याबाबत पुरेशी माहिती जमा झालेली नाही. चेहऱ्यावर पिकलेली मुरुमे, गळू किंवा कोणताही जंतुसंसर्ग असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबावे. दाढ किडली असेल तर आधी ती दाखवावी, आणि दातांचे मोठे काम व फिलर यांच्यामध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. ओठावर वारंवार पाण्याचे बारीक फोड येत असतील तर ते आवर्जून सांगावे, म्हणजे डॉक्टर आधीच विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात. संधिवात किंवा ल्युपससारखा आजार, जखमेच्या जागी व्रण जाड वाढण्याची प्रवृत्ती, सुन्न करणाऱ्या लिग्नोकेनची ॲलर्जी, आणि पूर्वी कोठे कायमस्वरूपी फिलर घेतले असल्यास तेही लपवू नये. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी जीव घाबरा होण्यापर्यंत त्रास झाला असेल तर तेही सांगा. जेल विरघळवणारे विकर (एन्झाइम) त्या विषातही असते, त्यामुळे डॉक्टरांना ते आधी ठाऊक असलेले बरे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल एक कळकळीची सूचना. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी "काळेनिळे होऊ नये" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. गालावर चार दिवस निळा डाग राहणे परवडते, हृदयविकाराचा झटका परवडत नाही. गोळी थांबवायची की नाही हे ती ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांनाच विचारावे.

चौथी पायरी: डॉक्टर आणि खोली निवडणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. हे इंजेक्शन त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडून घ्यावे. पाटीवरची अक्षरे पाहून समाधान मानू नका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तो विचारल्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये, कोणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीत "बाहेरून मॅडम येणार आहेत" अशा तारखांना हे काम करून घेऊ नका. सुई नसलेल्या, दाबाने जेल आत ढकलणाऱ्या पेनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे: जेल किती खोल आणि कोठे जाईल यावर त्या पेनाचे नियंत्रण राहत नाही.

धोका नेमका काय आहे, ते आता सविस्तर सांगते. चेहऱ्यात धमन्यांचे जाळे दाट आहे आणि त्यांतल्या काही शाखा नाकाच्या कडेने व भुवयांच्या मधून जाऊन डोळ्याच्या आतल्या धमन्यांना मिळतात. सुईचे टोक अशा धमनीत असताना जेल ढकलले गेले, तर ते पुढे जाऊन तिला बूच मारते. त्या धमनीवर जगणारी त्वचा मरू लागते. आणि जेल उलट दिशेने मागे सरकून डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत गेले, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हे क्वचित घडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ३७० त्वचारोगतज्ज्ञांच्या पाहणीत सुईने टोचताना सुमारे ६,४०० सिरिंजमागे एक आणि बोथट टोकाच्या बारीक नळीने, म्हणजे कॅन्युलाने, सुमारे ४०,९०० सिरिंजमागे एक धमनी बंद झाल्याचे आढळले. हे आकडे प्रशिक्षित हातांचे आहेत, हे विसरू नये. अंधत्वाच्या नोंदी सर्वाधिक नाक आणि भुवयांच्या मधल्या जागेच्या आहेत. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या खेपेला या दोन जागांना स्पष्ट नकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे. डोळ्यांखालची खळगीही पहिल्या वेळी नको, कारण तेथे त्वचा पातळ असते आणि जेल थोडे वरवर राहिले तरी निळसर छटा उमटते.

या जेलला उतारा आहे, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. हायल्युरोनिडेज नावाचे विकर ते विरघळवते. आपल्याकडे ते १५०० युनिटच्या कुपीत पावडरीच्या रूपात मिळते आणि डोळ्यांचे डॉक्टर भूल देताना ते बऱ्याच वर्षांपासून वापरत आले आहेत, म्हणजे ते दुर्मिळ नाही. पण धमनी बंद झाल्यावर एक कुपी पुरेलच असे नाही. मोठ्या मात्रेत, तासातासाने, रंग परत येईपर्यंत ते द्यावे लागते. म्हणून किंमत विचारण्यापूर्वी हे विचारा: हायल्युरोनिडेजच्या किती कुप्या इथे आहेत, त्यांची मुदत कधी संपते, आणि रात्री अकरा वाजता मला शंका आली तर फोन कोण उचलेल? तोंडी "असतं हो" यावर थांबू नका, कुपी पाहायला मागा. आमच्याकडे ती ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असते आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी मुदत वाचून वहीत लिहिते.

हे इतके आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात एक बाई तोंडावर ओढणी घट्ट धरून आमच्याकडे आल्या. तीन दिवसांपूर्वी त्यांनी दुसरीकडे नाकाशेजारच्या घडीत फिलर घेतले होते. डाव्या नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत त्वचेवर जांभळट जाळी उमटली होती आणि तिच्यावर बारीक पिवळे फोड आले होते. "मुका मार लागल्यासारखं होतं, बर्फ लावा" असे त्यांना फोनवर सांगितले गेले होते आणि त्या दोन दिवस निष्ठेने बर्फ लावत होत्या. डॉक्टरांनी उजव्या गालावर बोट दाबून उचलले, पांढरा झालेला ठसा दोन आकडे मोजेपर्यंत भरून आला. डाव्या बाजूला पाच म्हटले तरी ठसा फिकाच राहिला. त्या दुपारी आम्ही चार कुप्या फोडल्या, दर तासाला टोचले, मी कोमट पाण्यात फडके पिळून देत राहिले. संध्याकाळी ओठावरचा रंग परतला. नाकपुडीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा खोलगट व्रण मात्र कायमचा राहिला. पहिल्या दिवशी आल्या असत्या तर बहुधा तोही राहिला नसता.

पाचवी पायरी: तारीख आणि पैसा

लग्न, साखरपुडा किंवा गड्ड्याची यात्रा समोर असेल तर किमान चार आठवडे आधी काम उरका. सूज आणि काळेनिळेपणा बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, पण कमी-जास्त वाटल्यास दुरुस्तीलाही वेळ हवा. नवरीच्या बाबतीत हळदीचा दिवस मोजा, लग्नाचा नव्हे. हळद लावताना दहा हात गाल चोळतात आणि ताज्या जेलला ते नको असते. दिवाळीच्या उटण्याचेही तेच.

सोलापुरातील काही जणी ओळखी टाळण्यासाठी पुण्याला जाऊन त्याच संध्याकाळच्या गाडीने परततात. मला हे धोक्याचे वाटते. धमनी बंद झाल्याची लक्षणे कधी लगेच, तर कधी काही तासांनी दिसतात, आणि तेव्हा तुम्ही दौंड आणि कुर्डुवाडीच्या मध्ये कोठेतरी डब्यात बसलेल्या असता. पुण्यात करायचेच असेल तर रात्री तेथेच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा दाखवून मग निघा.

खर्च एका सिरिंजमागे सर्वसाधारणपणे पंधरा-वीस हजार रुपयांपासून सुरू होतो, सौंदर्यासाठीच्या उपचारावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा तो देत नाही. फार स्वस्त सिरिंजमागे काहीतरी दडलेले असते.

सहावी पायरी: त्या दिवशी

मेकअप न करता जा. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या, तेही एकाच उजेडात. नंतर फरक पडला की नाही यावर वाद होत नाही. संमतीपत्र मराठीत मागा आणि शक्य तर आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. खोका तुमच्यासमोर उघडला गेला पाहिजे. त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, आयात परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असते. भारतात फिलर वैद्यकीय उपकरण म्हणून नियमांखाली येतात, त्यामुळे ज्या खोक्यावर हे काहीच नाही ते परत ठेवायला सांगा. एक सिरिंज एकाच माणसासाठी असते. बहिणी-बहिणी किंवा जावा-जावा येऊन "दोघींत अर्धी-अर्धी करा" म्हणतात. दर वेळी आम्ही नाही म्हणतो, कारण सुई बदलली तरी सिरिंजमधून एकीचे रक्त दुसरीत जाऊ शकते. उरलेले जेल फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात वापरणेही तसेच अयोग्य.

सुन्न करणारे मलम लावून अर्धा तास थांबावे लागते, बऱ्याच जेलमध्ये लिग्नोकेन मिसळलेलेही असते. टोचताना दाब आणि ताण जाणवतो. अचानक तीव्र कळ आली, दिसणे अंधुक झाले किंवा त्वचा पांढरी पडल्याचे आरशात दिसले तर लाजू नका, तत्क्षणी बोला. डॉक्टर हात थांबवतील.

सातवी पायरी: घरी परतल्यावर

पहिला दिवस मेकअप नको. दोन दिवस जिम, वाफ घेणे आणि मद्य टाळा. उशी उंच करून पाठीवर झोपा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवडे चेहरा चोळू नका, फेशियल करू नका. ओठांत जेल घेतले असेल तर पहिले दोन-तीन दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला ठेवून मऊ, गार वरणभात खा. गालात किंवा हनुवटीत घेतले असेल आणि घट्ट हेल्मेट तेथे दाबत असेल, तर त्या दिवशी गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना भर दुपारी होटगी रस्त्यावरून चालत जाण्याने सूज वाढते, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळची वेळ घ्या.

आता साधी सूज आणि धोक्याची सूज ओळखा. साधी सूज मऊ असते, दुखणे बेताचे असते आणि दिवसागणिक कमी होते. तिला फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ चालतो. वाढत जाणारी वेदना, फिकट किंवा जांभळट जाळीदार डाग आणि दाबल्यावर रंग परतायला लागणारा उशीर ही धमनी बंद झाल्याची चिन्हे आहेत. आपल्या सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही, म्हणून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजू ताडून पाहा आणि दाबून मोजा. शंका आली तर बर्फ ताबडतोब बंद करा, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कोमट फडके ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा, सकाळची वाट पाहू नका. एका डोळ्याने दिसणे कमी झाले, दोन-दोन दिसू लागले किंवा पापणी पडली, तर वेळ मिनिटांत मोजायची असते. त्याच डॉक्टरांना फोन करत करत जवळच्या नेत्ररुग्णालयात किंवा सिव्हिलला पोहोचा आणि "चेहऱ्यात हायल्युरॉनिक फिलर घेतले आहे" हे पहिले वाक्य म्हणून सांगा.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कधी ताप-सर्दी किंवा लस घेतल्यानंतर, जेलच्या जागी सूज किंवा गाठ येऊ शकते. ती स्वतः दाबून फोडू नये. तिच्यावर औषधे आहेत, आणि गरज पडल्यास जेल विरघळवता येते.

आठवी पायरी: कागद जपून ठेवणे

सिरिंजच्या खोक्यात बॅच क्रमांकाचा स्टिकर असतो. तो तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. त्याखाली तारीख, जागा आणि किती मिलिलिटर हेही लिहा. पुढे दंतवैद्य, एमआरआय करणारे किंवा दुसरे त्वचारोगतज्ज्ञ यांना हे दाखवावे लागते. गंभीर त्रास झाला, तर उपचारांबरोबर त्याची नोंदही करा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे आणि रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती देऊ शकतात. त्या वेळी पलीकडून बॅच क्रमांक विचारला जातो. ओढणीआड आलेल्या त्या बाईंकडे तो नव्हता.